पेवातला दिवा

१

ढवळेवाडीचा कानिफनाथ वाबळे बुधवारी दिवस उगवता उगवता पेवात मेलेला सापडला, आणि गुरुवारी सकाळी नऊच्या एस.टी.नं सब-इन्स्पेक्टर सूर्यभान दरंदले नगरहून सुप्याला उतरले तोवर तो कशानं मेला हे साऱ्या पंचक्रोशीला तोंडपाठ झालं होतं. चोरून दारू प्यायला उतरला आणि तिथंच आडवा झाला. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं चहासोबत ही माहिती फुकट दिली. चहात दूध नावाला होतं, माहितीत मात्र काही कमी नव्हतं.

दरंदल्यांनी नुसती मान डोलावली. दारूबंदी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचं नवल वाटणार? निवृत्तीला चौदा महिने उरले होते, गुडघे बोलायला लागले होते, आणि त्र्याहत्तर सालचा तो मार्च म्हणजे दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. मूळचे ते शिंगणापूरच्या अंगाचे. घराला दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. आणि जन्म गेला तो दुसऱ्यांच्या कुलपांवर लाखेची सीलं ठोकण्यात. पूर्वी या विनोदाला ते स्वतःच हसत. हल्ली तेवढाही उत्साह राहिला नव्हता.

साहेबांचा हुकूम दोन ओळींचा होता. वाडीच्या राधाकृष्ण औटींना खात्यानं प्रयोग म्हणून द्राक्षाची वाइन करायचा परवाना दिला होता. बरण्यांना सील दरंदल्यांच्या हातचं होतं. तेव्हा मयतानं किती माल प्याला तेवढा मोजून कळवावा, म्हणजे प्रकरण मिटलं.

वाडी चार मैलांवर. सुप्याचे जमादार कारभारी सायकल हातात धरून सोबत चालत होते.

"पंचनामा झालाय साहेब. पिऊन पडला. डोक्याला मार न्हाई, अंगावर वळ न्हाई. काल दुपारी जाळलाबी."

"तोंडाला वास होता?"

"सगळ्या पेवालाच वास हाय. त्याच्या तोंडाचा निराळा कसा काढायचा?"

खरंच होतं ते. औटींच्या मळ्यात पोचल्यावर दरंदल्यांनाही तो आंबूस वास लांबूनच आला. चहूकडे रान भाजून निघालेलं, आणि मधे विहिरीच्या जोरावर तगलेली तीन एकर द्राक्षबाग. विहिरीवर ऑइल इंजिन धापा टाकत होतं, कारण वीज अजून सुप्याच्या पुढं सरकली नव्हती. बागेच्या कडेला गोठा, गोठ्यामागं पेव. जमिनीच्या पोटात खणलेलं हे धान्याचं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढं अरुंद आणि खाली पोट दोन पुरुष खोल. दोन वर्षं दाणाच पिकला नाही, म्हणून गावातली सगळी पेवं रिकामी पडली होती. खाली गारवा असतो हे बघून औटींनी आपल्या पेवात रसाच्या बरण्या सोडल्या होत्या.

खाली उतरायला कुणी धजेना, म्हणून दरंदल्यांनी बरण्यांच्या कानांत गळ अडकवून आठही बरण्या वर ओढून घेतल्या. रस फसफसत असल्यामुळे तोंडाला झाकण नव्हतं, दुहेरी फडकं होतं. फडक्यावर सुतळीची गाठ, गाठीवर लाख. त्यांच्या शिक्क्याचा एक कोपरा तुटका होता. तो तुटका कोपरा आठही सीलांवर जसाच्या तसा होता.

त्यांनी तरी पुन्हा एकदा पाहिलं. मग रुमालानं मान पुसली.

"जमादार, या माणसानं थेंबही प्यायलेला नाही."

"मग त्यो मेला कशानं?" कारभारी म्हणाले.

२

खात्याच्या दृष्टीनं काम तिथं संपलं होतं. माल शाबूत, दोन वाजताची एस.टी. होती. दरंदले निघालेही असते. पण राधाकृष्ण औटी समोर उभे होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

औटी पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेले, पन्नाशीचे गृहस्थ. द्राक्षाची वाइन हे त्यांचं वीस वर्षांचं वेड होतं.

"तो कशानं मेला ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "रस फसफसतो तेव्हा त्यातून जड हवा सुटते. ती तळाशी साठते. तिथं दिवा जगत नाही आणि माणूसही जगत नाही."

"हे कानिफनाथला माहीत नव्हतं?"

"त्याला?" औटी कडवटपणे हसले. "अहो, धान्याच्या बंद पेवातसुद्धा अशीच हवा धरते. चाळीस वर्षं या गावाची पेवं त्यानं उघडली. आधी झाकण काढायचं, निंबाचा डहाळा दोराला बांधून आतली हवा ढवळायची, मग दिवा सोडायचा. पान चघळून होईस्तोवर दिवा जळाला तर उतरायचं. विझला तर झाकण लावून घरी. यात त्यानं कधी कुणाचं ऐकलं नाही. माझंही नाही."

"मंगळवारी उतरला होता?"

"नाही ना! मंगळवारी दुपारी तीन-चारदा दिवा सोडला, दर वेळी विझला. शिनेमावाले कॅमेरा लावून बसले होते. पण हा म्हणाला, आज न्हाई, उद्या सकाळी बघू. आणि सरळ घरी निघून गेला."

शिनेमावाले म्हणजे मुंबईचे दोघं. दिग्दर्शक भेंडे स्वतःच कॅमेरा चालवीत, आणि त्यांच्या हाताखाली दिव्यांचं काम बघणारा जालिंदर. कुठल्याशा सरकारी खात्यासाठी ते वाइन आणि ती करणारी माणसं यांवर माहितीपट काढत होते. पाच दिवसांपासून मुक्काम औटींच्याच मळ्यात होता.

"बुधवारी आधी कुणी पाहिलं?"

"त्यांनीच. सकाळच्या उन्हात कानिफनाथ खाली उतरून बरणी वर काढतोय असं चित्र हवं होतं, म्हणून त्याला लवकर बोलावलं होतं. भेंड्यांची हाक ऐकून मी धावलो. गड्यांनी गळ टाकून वर काढलं. उशीर झाला होता."

प्रेताशेजारी सापडलेला कंदील जमादारांनी गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवला होता. पंचनाम्यात 'कंदील, एक' एवढीच त्याची नोंद. दरंदल्यांनी काच वर केली. टाकीत घासलेट काठोकाठ होतं. वात नवी कोरी, पांढरीशुभ्र. तिला काडी कधी लागलीच नव्हती.

त्यांनी कंदील औटींच्या पुढं धरला. "न पेटवलेला कंदील घेऊन कानिफनाथ पेवात उतरला?"

औटींनी वातीकडे पाहिलं. "शक्यच नाही," ते म्हणाले. आणि मग फार हळू, "हा कंदील माझा नाही हो. माझा तो खुंटीवर आहे."

३

कानिफनाथचं घर दोन खणांचं. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. आता नुसता थकवा उरला होता. दरंदल्यांना तो ओळखीचा वाटला.

"साहेब, त्ये पिऊन मेले म्हनत्यात. तुमीबी त्येच लिवनार का?"

"नाही बाई. बरण्या शाबूत आहेत. प्यायले नव्हते एवढं मी लिहून देतो."

"मग येडे हुते म्हना! दिवा न लावता उतरले म्हनत्याल लोक. म्हंजे एकतर बेवडा न्हाईतर बिनडोक." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडाला लावला. "दिवा विझला की उतरायचं न्हाई, ह्ये साऱ्या गावाला त्येंनीच शिकवलं."

अंगणातल्या निंबाखाली एक उंच, माळ घातलेला म्हातारा पाठ फिरवून उभा होता. कानिफनाथचा थोरला भाऊ गहिनीनाथ. गावात कीर्तन करणारा माणूस. औटींच्या वाइनवर त्यानं देवळात उभं राहून तोंडसुख घेतलं होतं, आणि पेव मातीनं बुजवीन असं चारचौघांत बोलला होता. जमादारांचा संशय आता तिकडं वळला होता.

दरंदले त्याच्यापाशी गेले. "काल दिवस उगवताना कुठं होतात महाराज?"

"नाल्याच्या बांधावर. दुष्काळी कामावर मुकादम हाय मी. चाळीस मानसांची हजेरी घेत हुतो, त्यास्नी इचारा." म्हाताऱ्याची मान ताठ होती. "मी त्याला सांगितलं हुतं, दारूच्या पेवात उतरू नगं, त्ये तुला गिळंल. ऐकलं न्हाई. आमच्या घरात तीन पिढ्या माळ हाय साहेब. उद्या सावडायला मी जानार न्हाई, आन् माझ्या मागं भावकीबी जानार न्हाई."

"भाऊ प्यायला नव्हता."

"मग उतरला कशाला?"

दरंदले पुन्हा आत आले. राहीबाईला मूल ना बाळ. उद्या सकाळी या बाईच्या नवऱ्याची राख गोळा करायला कोण येणार हाच तिच्यापुढं प्रश्न होता, आणि सरकारनं माणूस पाठवला होता तो वाइन मोजायला!

"बाई, काल सकाळी घरातून निघताना त्यांच्याजवळ दिवा होता?"

"त्येंची चिमनी हुती की. मीच घासलेट भरून दिलं. जमादारांनी परत आनून दिली, पेवाच्या काठाला दगडावर ठिवलेली हुती म्हने." तिनं कोनाड्यातली पत्र्याची लहानशी चिमणी काढली. "भरून दिली तशी हाय. काड्याची पेटी खिशात हुती."

दरंदल्यांनी चिमणी हलवून पाहिली. भरलेली होती. चाळीस वर्षांचा जाणता माणूस काठापर्यंत आपला दिवा घेऊन येतो, दगडावर ठेवतो, पेटवत नाही आणि उतरतो.

"ते अधू होते का? डोळ्यांनी?"

"मोतीबिंदू वाढला हुता. नगरला न्यायचे हुते, पन ह्या दुस्काळात कुठलं नेनं? उजेड कळायचा, बारीकसारीक दिसायचं न्हाई." ती थांबली. "वर काढलं तवा अंग गरम हुतं साहेब. मी हात लावला. सुप्याच्या दवाखान्यात न्या म्हनून मी वरडत हुते, पन ती जीपच सुरू हुईना. झाकन उघडून त्यो मुंबईचा पोरगा किती येळ खटपट करत हुता."

दरंदल्यांनी तिला अजून एकच गोष्ट विचारली. "समजा ते काठाशी आले आणि कुणी आधीच दिवा खाली सोडून ठेवलेला दिसला, चांगला जळत असलेला. मग ते आपला लावतील?"

"कशाला लावत्याल? घासलेट काय फुकट मिळतंय? खाली दिवा जळतोय म्हनल्यावर झालंच की काम."

बोलून गेल्यावर तिलाच काहीतरी उमगलं. ती टक लावून दरंदल्यांकडे बघत राहिली.

४

दोनची एस.टी. गेली. दरंदले पेवाच्या काठाशी मांडी घालून बसले, चिमणी पेटवली आणि दोरानं खाली सोडली. औटी आणि जमादार वाकून बघत होते. ज्योत हातभर खाली गेली, पिवळी पडली आणि विझली. त्यांनी वर ओढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच विझली.

"कालची सकाळ याहून बरी असेल?" त्यांनी विचारलं.

"उलट वाईट," औटी म्हणाले. "रात्रभर झाकण बंद होतं. आत्ता तर माणूस काढताना, बरण्या ओढताना केवढी ढवळाढवळ झाली आहे."

"म्हंजे खाली दिवा जळनं शक्यच न्हाई," जमादार म्हणाले.

"आणि जळत तर होता. नाहीतर कानिफनाथ उतरला नसता."

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या मते इतका विचार करण्याइतका पगार सरकार देत नव्हतं. दरंदल्यांचंही मत फारसं वेगळं नव्हतं, पण आता मधेच सोडवेना. त्यांनी कंदिलाचा दोर हातात घेतला आणि तसूतसूनं बोटांखालून जाऊ दिला. दर वीतभर अंतरावर बोटं चिकटत होती. कसलीतरी चिकटपट्टी गुंडाळून मग काढून टाकलेली होती, आणि त्या डिंकावर गोठ्याची धूळ बसली होती. टोकाशी, कंदील बांधतात तिथं, एक पिवळा पारदर्शक कपटा अडकला होता. लिमलेटच्या गोळीचं वेष्टन असावं तसा.

"इथं गोळ्या कोण खातं?"

"अहो, इथं भाकरीची पंचाईत आहे," औटी म्हणाले. "हा तर शिनेमावाल्यांच्या दिव्यांवरचा कागद. रंगासाठी लावतात."

दरंदले गुडघ्यावर हात देऊन उठले. जीप चिंचेखाली उभी होती. त्यांनी पुढून पाहिली, मग मागून. मागच्या दोन तांबड्या काचांपैकी एक सैल होती. ती बोटानं सरकवली, तर आतली बैठक रिकामी. बल्ब नव्हता.

वाडीत वीज नव्हती. पण वीज काही फक्त खांबावरूनच येत नाही. दोन दिवस साऱ्या गावानं या जीपला 'सुरू होत नाही' म्हणून शिव्या दिल्या होत्या, आणि का होत नाही हे कुणीच विचारलं नव्हतं.

"जमादार, त्या दोघांना बोलवा," ते म्हणाले. "आणि औटी, तुम्हीही थांबा. तुम्हाला ऐकायला त्रास होईल, पण थांबा."

५

भेंडे चाळिशीचे, खादीचा झब्बा, बोलणं मऊ आणि मुद्देसूद. पाच दिवसांच्या उन्हानं आणि दोन रात्रींच्या जागरणानं तेही पार गळाले होते. जालिंदर त्यांच्या मागं उभा राहिला. विशी-बाविशीतला, मूळ मिरजगावचा, पण वाढलेला परळच्या चाळीत. त्याची नजर जमिनीवरून उठत नव्हती.

"भेंडेसाहेब, काल सकाळी जीपला बॅटरी होती?"

"म्हणजे काय? जीप आहे म्हटल्यावर—"

"मागचा एक बल्ब कुठं गेला?"

भेंड्यांनी खांदे उडवले. "जुनी गाडी आहे हो. पडला असेल रस्त्यात."

"काच जागेवर ठेवून?" दरंदल्यांनी कपटा पुढं केला. "हा तुमचा कागद. दोरावर चिकटपट्टीचे डाग आहेत, दोराबरोबर वायर खाली नेली होती म्हणून. कंदिलात तुम्ही बल्ब बसवलात, त्यावर हा पिवळा कागद, म्हणजे ज्योतीसारखा उजेड पडावा. बॅटरी जीपची. प्रेताजवळ सापडलेला कंदील औटींचा नाही आणि तो कधी पेटलेलाही नाही. तसले दोन तुम्ही आणलेत, एक बल्ब घालायला आणि एक खरा. माझं काही चुकत असेल तर सांगा."

बोलला तो जालिंदर, आणि बोलायला लागला तो थांबेचना.

"मंगळवारी चित्रच मिळत नव्हतं साहेब. काळोख्या पेवात खाली कंदील जळतोय आणि त्याच्या उजेडात बरण्या चमकतायत, असं हवं होतं. म्हातारबाबा घरी गेल्यावर आम्ही आमचा कंदील सोडून बघितला. सारखा विझायचा. पाच वेळा लावला, पाची वेळा विझला. म्हणून मग बल्ब लावला."

औटी मटकन खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"पाच वेळा विझला," दरंदले म्हणाले, "आणि का विझतो हे तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, वारा असेल," जालिंदर म्हणाला. "घासलेट वाईट असेल."

"पेवात कसला वारा रे!" जमादार ओरडले.

"मला काय माहीत पेव म्हणजे काय! आमचे म्हातारे लोक बोलायचे पेवाचं, मी कधी बघितलं नव्हतं." पोरगा आता रडत होता. "काल उजाडताना झाकण काढून मी तो दिवा सोडला, बल्ब चालू केला, बॅटरीवर पोतं टाकलं आणि साहेबांना उठवायला गेलो. परत आलो तर बाबा खाली पडलेले. चिमणी काठावर. मला वाटलं, पाय घसरला."

दरंदल्यांना काठाशी आलेला म्हातारा डोळ्यांपुढं दिसला. खाली पिवळा उजेड, न थरथरणारा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिवा तो दिवा. त्यानं रीतीप्रमाणं पान चघळलं असेल, दिवा जळतोय याची खात्री केली असेल, आणि मग चाळीस वर्षं उतरत होता तसा बिनघोर उतरला असेल.

"मग? हाक कधी मारलीत?"

जालिंदरनं भेंड्यांकडे पाहिलं.

"मी तुला विचारतोय."

"साहेब म्हणाले, आधी कंदील बदल. वायर सोडवली, पट्टी काढली, बल्बचा कंदील वर घेतला आणि दुसरा खाली सोडला. तेवढ्यात दुसरा पेटवायचंही सुचलं नाही. मग साहेबांनी हाक मारली."

"किती वेळ गेला?"

"दहा मिनिटं असतील."

"आणि मग जीपला बॅटरी जोडायला आणखी दहा." दरंदले भेंड्यांकडे वळले. आवाज चढवायची त्यांच्यात ताकद नव्हती, त्यामुळे तो नेहमीसारखाच पडका निघाला. "कंदील बदलायचं का सुचलं तुम्हाला?"

"लोकांनी आम्हाला ठेचलं असतं," भेंडे म्हणाले. "आणि तो माणूस गेलेलाच होता हो! त्याला काय फरक पडणार होता?"

"गेलेला होता हे तुम्ही बघितलंत? उतरून?"

"नाही."

"गळ टाकून?"

"नाही."

"त्याच्या बायकोनं हात लावला तेव्हा अंग गरम होतं, भेंडे. तुम्ही नुसती हाक मारली असतीत तर औटींचे गडी दोन मिनिटांत आले असते. कदाचित तरीही मेला असता. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था तुम्ही केलीत."

जमादारांनी खिशातून पंचनाम्याचा कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी केली. "ह्यो आता सगळाच फिरवावा लागंल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचा कंटाळा आलेला दिसला नाही. त्यांनी जालिंदरच्या खांद्यावर हात ठेवला आणि भेंड्यांना पुढं चालायची खूण केली.

औटी अजून जमिनीवरच होते. "परवाना जाईल ना माझा?" त्यांनी विचारलं. "जाऊ दे. जायलाच हवा. ज्याच्या जिवावर हे चाललं होतं तोच गेला."

दरंदल्यांनी त्यांना हात देऊन उठवलं.

६

दिवस कलायला आला होता. राहीबाईच्या घरी जाईपर्यंत बातमी पुढं पोचली होती; अंगणात पाच-सहा माणसं जमली होती, आणि गहिनीनाथ निंबाखालून उंबऱ्यापर्यंत आला होता. दरंदल्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. अहवाल उद्या लिहिता आला असता. हे आज सांगायला हवं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. बल्ब सांगितला, वायर सांगितली, आणि दहा मिनिटंही सांगितली. ती लपवावीत असं येताना वाटेत त्यांना दोनदा वाटलं होतं. पण लपवालपवी एकदा होऊन गेली होती, ती पुरे होती.

राहीबाई दहा मिनिटांपाशी फक्त एकदा डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "म्हंजे त्येंनी दिवा बघितला हुता."

"बघितला होता."

"जळत हुता."

"त्यांच्या डोळ्यांना जळतच होता, बाई. त्यांच्याकडून रीत मोडली नाही. चूक त्यांची नाही."

तिनं मोठा श्वास सोडला. तिच्या आटलेल्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही. अंगणातली माणसं मान खाली घालून उभी होती. कुणीतरी शिनेमावाल्यांच्या नावानं कचकचीत शिवी हासडली.

गहिनीनाथ खाकरला. त्याचा आवाज कीर्तनातला राहिला नव्हता.

"राही, माझं चुकलं. उद्या सावडायला मी येतो. सगळ्या भावकीला घिऊन येतो."

राहीबाई उठून उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. आत्ता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"या, भावजी. नगं म्हनत न्हाई, मला दुसरं कोन हाय? पन एक सांगा. त्येंच्यासंगं तुमीबी पेवं उघडलीत. दिवा विझला तर उतरायचं न्हाई, ही रीत तुमालाबी ठावी हुती. आन् तुमचा भाऊ रीत मोडनारा न्हवता, ह्येबी ठावं हुतं. मग त्ये उतरले, म्हंजे दिवा जळत हुता. एवढं कळायला तुमाला नगरहून मानूस यावा लागला?"